जुन्या तळहाताएवढ्या तसबिरी आणि त्यांच्या चौकटी : कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीआधी घर झाडायला काढलं की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. जुनी पत्रं, कुलपं, तुटके चष्मे यांच्यासोबत कधी एखादी तळहाताएवढी तसबीर निघते. काचेआड कुणा बाईचा किंवा पुरुषाचा चेहरा, भोवती पितळी नाहीतर काळी चौकट. मी मालवणजवळ राहते आणि अशा चित्रांची घरोघरी जाऊन नोंद ठेवते. वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत. एक गोष्ट मात्र आधीच सांगते, कारण मला फोन येईपर्यंत ती बहुतेकदा होऊन गेलेली असते : तसबीर उघडू नका, ओल्या फडक्यानं पुसू नका, उन्हात ठेवू नका.

‘मिनिएचर’ म्हणजे छोटं चित्र, एवढंच ना?

चित्र छोटं असतं हे खरं, पण शब्द आकारावरून आलेला नाही. लॅटिनमध्ये ‘मिनियम’ म्हणजे शेंदूर, शिशापासून होणारा तांबडा रंग. युरोपातल्या जुन्या पोथ्यांमधली मोठी अक्षरं शेंदरानं रंगवत. त्या कामावरून पोथीतल्या चित्रांना हे नाव पडलं आणि पुढे सुट्या छोट्या चित्रांनाही तेच चिकटलं. मराठीत आपण ‘लघुचित्र’ म्हणतो. आमच्या घरांत मात्र ‘ती लहान तसबीर’ असंच म्हणतात, आणि मला तोच शब्द आवडतो, कारण त्यात चित्र आणि चौकट दोन्ही येतात.

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात अशी व्यक्तिचित्रं अतिशय पातळ तासलेल्या कातड्यावर जलरंगात काढत आणि ते कातडं ताठ राहावं म्हणून खेळायच्या पत्त्यावर चिकटवत. निकोलस हिलियर्ड (१५४७–१६१९) हा त्या काळातला सगळ्यात नावाजलेला चित्रकार. अशा काही चित्रांच्या पाठीवर पत्त्याची चिन्हं अजून दिसतात. सावंतवाडीचा चितारी पत्त्याच्या तोंडावर देव रंगवतो; तिकडे पत्त्याच्या पाठीवर दरबारातली माणसं बसली.

आमच्याकडे गोल चित्र निघालंय, त्यावर मत्स्यावतार आहे. हेही तसलंच का?

नाही, तो बहुधा गंजिफाचा, म्हणजे हातानं रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या खेळातला पत्ता आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाचे १२ असे १२० पत्ते असतात. चिंचोक्याची खळ देऊन घट्ट केलेला थर, वर रंग, पाठीवर लाख, अशी त्याची घडण असते. एक सापडला म्हणजे बाकीचे कुठेतरी असायची शक्यता आहे. पेटी पूर्ण रिकामी करून पाहा, रंगवलेलं लाकडी खोकं दिसतं का तेही पाहा. सुटा पत्ता फ्रेम करून भिंतीला लावू नका, संच एकत्र ठेवा.

हस्तिदंतावर का रंगवत? कागद नव्हता का?

कागद होता, कातडंही होतं. पण १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कारिएरा या चित्रकर्तीनं हस्तिदंताच्या पातळ पत्र्यावर चेहरे रंगवायला सुरुवात केली आणि त्यातला फायदा सगळ्यांच्या लक्षात आला. हस्तिदंत किंचित पारदर्शक असतो. गालाच्या जागी रंगाचा नुसता हलका हात फिरवला की खालून उजेड परतून येतो आणि त्वचा जिवंत दिसते. काही जण तर चेहऱ्याच्या मागे चांदीचा वर्खासारखा पत्रा ठेवत, म्हणजे उजेड आणखी परतावा. अडचण एवढीच, की हस्तिदंत गुळगुळीत आणि थोडा तेलकट असतो, त्यावर पाण्याचा रंग धरत नाही. म्हणून पृष्ठभाग घासून घ्यायचे आणि ब्रशच्या टोकानं बारीक ठिपके, बारीक रेघा देत रंग चढवायचे. रंगात बांधणीला डिंक. हा डिंक आजही पाण्यात विरघळतो, हे लक्षात ठेवा. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की नाक-डोळे फडक्यावर येतात.

आपल्या देशात हे काम दोन वाटांनी आलं. एक म्हणजे इंग्रज चित्रकार इथे येऊन राहिले. जॉन स्मार्ट १७८५ ते १७९५ मद्रासला होता. ओझायस हम्फ्री १७८५ साली कलकत्त्याला आला, लखनौलाही गेला. दुसरी वाट दिल्लीच्या चितार्‍यांची. बादशाही पोथ्या रंगवणाऱ्या घराण्यांतल्या हातांनी एकोणिसाव्या शतकात हस्तिदंतावर काम सुरू केलं, आणि बादशहा, बेगमा, ताजमहाल अशी चित्रं प्रवाशांना विकली जाऊ लागली.

तशी व्यक्तिचित्र अंगावर वागवायची रीत मुघलांकडे त्याआधीपासून होती. जहांगीरनं १६१६ साली इंग्रज राजदूत टॉमस रो याला आपली छबी असलेलं सोन्याचं पदक दिलं होतं. त्याच रोनं आपल्याकडचं एक इंग्रजी लघुचित्र बादशहाला दाखवलं, तर दरबारच्या चित्रकारांनी त्याच्या अशा हुबेहूब नकला केल्या की दिव्याच्या उजेडात मूळ कुठलं ते ओळखायला रोला वेळ लागला.

मग कोकणातल्या आमच्या घरात हे आलं कुठून?

मी पाहिलेल्या बहुतेक तसबिरी मुंबईवरून आल्या आहेत. आजोबा कुणा शेटजींकडे कारकून होते, कुणी बोटीवर होतं, कुणी फौजेत होतं आणि दिल्लीहून येताना घेऊन आलं. कधी मुंबईतलं बिऱ्हाड मोडलं आणि सामान गावच्या घरी आलं, त्यात तसबीरही आली. म्हणून चित्रातला माणूस आपल्याच घरातला असेल असं धरून चालू नका. एका घरी देवघराशेजारी, पूर्वजांच्या फोटोंच्या ओळीत, एका गोऱ्या बाईचं चित्र होतं आणि दर सर्वपित्रीला तिलाही फूल वाहिलं जायचं. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ह्यो फोटो आमच्या सासूबायच्या वेळेपासून हा. कोण ता माका ठावक नाय.” फूल वाहायचं थांबवा असं मी सांगितलं नाही. फक्त त्यांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं.

हे हातानं रंगवलेलं आहे, की छापील, की फोटो?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर बऱ्याचदा घरबसल्या मिळतं. सोनाराकडे दहापट भिंग असतं, ते मागून आणा. तसबीर टेबलावर मऊ कापडावर ठेवा, खिडकीशी पण थेट उन्हात नको, आणि काचेतूनच पाहा.

वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे सरळ रांगेत मांडलेले, एकसारख्या अंतरावरचे ठिपके दिसले तर ते छापील. ठिपके आहेत पण वेडेवाकडे, दाणेदार, एकमेकांवर चढलेले, तर दगडी छापाचं रंगीत चित्र. राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, आणि तसल्या छापांचे कापलेले चेहरे लहान फ्रेममध्ये बसवलेले मी बऱ्याच घरांत पाहिले आहेत.

हातानं रंगवलेल्या चित्रात ठिपके आणि रेघा सारख्या नसतात. त्या गालाच्या गोलाईबरोबर वळतात, डोळ्याच्या कडेला दाट होतात, कपाळावर विरळ. केसांत एकेक रेघ सुटी दिसते. तसबीर किंचित तिरकी धरा : मोती, जर, लेस यांच्या जागी पांढऱ्या रंगाचे थेंब उंचावलेले दिसतील आणि गडद जागी डिंकाची चमक दिसेल. छापात हा उंचवटा नसतो.

फसवणारा प्रकार म्हणजे रंगवलेला फोटो. १८३९ साली फोटोग्राफी जाहीर झाली, आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत लघुचित्रकारांचा धंदा बसला. त्यातल्या बऱ्याच जणांनी मग फोटोवर रंग द्यायला सुरुवात केली, कधी कागदावरच्या, कधी हस्तिदंतावर उतरवलेल्या फोटोवर. अशा चित्रात चेहरा ब्रशनं सजवलेला असतो, पण कान, बोटं, कोटाच्या चुण्या नीट पाहा. तिथे रंगाखाली करडी-तपकिरी, रेघ नसलेली मऊ छाया दिसते. ती फोटोची. रंगवलेला फोटो निघाला म्हणून नाराज होऊ नका. फोटोच्या काळातला माणूस असेल, तर तो कोण हे कळण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

हस्तिदंत, हाड की प्लॅस्टिक, हे कसं ओळखायचं?

हाडात बारीक काळसर छिद्रं किंवा तुटक रेषा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या जागा. हस्तिदंतात तशी छिद्रं नसतात. दाताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची जाळी दिसते, पण चित्राचा पत्रा सहसा दाताच्या लांबीत कापलेला असल्यामुळे तिथे नुसत्या मंद, थोड्या लहरी रेषा दिसतात. सेल्युलॉइड या जुन्या प्लॅस्टिकच्या नकलेतही रेषा असतात, पण त्या आखल्यासारख्या समांतर आणि सारख्या अंतराच्या.

तापलेली सुई टोचून पाहायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हस्तिदंत असेल तर डाग कायमचा राहतो, आणि सेल्युलॉइड असेल तर ते पेट घेतं.

शहाजहान आणि मुमताजची जोडी आहे, चौकटही हस्तिदंताची. मुघलकालीन असेल ना?

जवळजवळ नक्कीच नाही. ही जोडी दिल्ली-आग्र्याला प्रवाशांसाठी ढिगानं तयार होत होती, एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही. काही फार सुरेख हातांची आहेत, त्यांना कमी लेखू नका, पण ती शहाजहानच्या काळातली नव्हेत.

चौकटीकडे जरा लक्ष द्या. पांढऱ्या आयताकृती पट्ट्या शेजारी शेजारी जोडून, त्यांवर काळ्या रेघा कोरून केलेली चौकट असेल, तर त्या पट्ट्या पुष्कळदा जुन्या पियानोच्या पट्ट्यांवरच्या असतात. युरोपात विसाव्या शतकात शोभेची लघुचित्रं अशा चौकटींत भरून विकली गेली; मागे जुन्या पुस्तकाचं पान किंवा जुना दस्तऐवज चिकटवायचा आणि चित्रावर एखाद्या मोठ्या चित्रकाराचं नाव टाकायचं. पाठीवरचा कागद जुना आहे म्हणजे चित्र जुनं, असं त्यावरून ठरवता येत नाही.

सही कुठे शोधायची?

कडेला, खांद्याच्या वर, केसांइतक्या बारीक अक्षरांत. जॉन स्मार्ट आपली आद्याक्षरं आणि साल लिहायचा आणि इथे असतानाच्या चित्रांवर इंडियाचं ‘आय’ हे अक्षर जोडायचा. बहुसंख्य चित्रांवर सहीच नसते. नुसत्या सहीवर विश्वास ठेवून कुणी मोठं नाव सांगत असेल तर थांबा. पेशवाईच्या संबंधात जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचं नाव हमखास घेतलं जातं. तो १७९२ नंतर पुण्यात होता आणि १७९५ साली ठाण्यात वारला हे खरं, पण सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची त्याची प्रसिद्ध चित्रं मोठी तैलचित्रं आहेत.

चौकट खराब झाली आहे. नवी करून घेऊ का?

इथे मी सगळ्यांना हात जोडून सांगते : नका करू.

चौकट म्हणजे नुसती शोभा नव्हे. तिच्यावरून चित्राचा काळ आणि देश कळतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये काळ्या लाखी रंगाची आयताकृती चौकट आणि वर अडकवायला पानाफळाच्या नक्षीची पितळी कडी, अशी पद्धत होती. फळ ओक झाडाचं. त्याआधीची चित्रं बहुधा गळ्यात किंवा मनगटावर घालायची, म्हणून लंबगोल, सोन्याच्या किंवा मुलामा दिलेल्या कड्यात, वर वाकवलेली काच आणि साखळीसाठी कडी. कडी वरच्या बाजूला आहे की दोन्ही कडांना, यावरूनही ते गळ्यातलं की मनगटावरचं हे कळतं. दिल्लीच्या कामाला आबनुसाच्या किंवा चंदनाच्या चौकटी दिसतात. एवढी माहिती एका कड्यात असते आणि ती कडी आपण मोडीत देतो.

चौकटीच्या आतही गोष्टी असतात. चित्र आणि काच यांची कड हवाबंद राहावी म्हणून जुने कारागीर बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्याची पट्टी चिकटवत. ती पिवळी, कुरकुरीत झालेली दिसते आणि लोकांना वाटतं जुना डिंक लागलाय, खरवडून टाकू. तिच्या मागे पुठ्ठा, पुठ्ठ्यामागे कागद आणि त्या कागदावर नाव, गाव, साल, दुकानाची चिठ्ठी, कधी चित्रकाराचा पत्ता.

राजापूरकडच्या एका कुटुंबानं तसबीर शहरातल्या फ्रेमवाल्याकडे दिली. परत आली तेव्हा काच लखलखीत, चौकट सोनेरी, मागे नवा पुठ्ठा. जुन्या पाठीवर मोडीत दोन ओळी होत्या, असं घरातल्या आत्यांना आठवत होतं. काय होत्या ते कुणालाच सांगता येईना. दुकानात विचारलं, तर कचरा त्याच दिवशी गेला होता. चेहरा घरात आहे, दिवाणखान्यात उठून दिसतो, पण आता तो कुणाचाही असू शकतो.

चौकट अगदी खिळखिळी असेल तर तसबीर जशी आहे तशी मऊ सुती कापडात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात आडवी ठेवा. सुटलेला खिळा, काचेचा तुकडा, कडी, काहीही टाकू नका. लिफाफ्यात घालून त्याच डब्यात ठेवा.

मागच्या बाजूला केस आहेत. हे काय आहे? घरात ठेवावे का?

घाबरू नका. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये प्रिय माणसाचे केस चित्राच्या पाठीला, काचेखाली वेणी घालून किंवा कणसासारखी रचना करून ठेवायची रीत होती. भोवती निळी काच, बारीक मोती असतात. माणूस जिवंत असतानाही देत आणि गेल्यावरही ठेवत. आपल्याकडे उतरवलेले केस अशुभ मानतात, म्हणून एका घरी ते काढून समुद्रात सोडले गेले. ती त्यांची श्रद्धा, तिला मी नावं ठेवणार नाही. पण निर्णय घेण्याआधी निदान फोटो काढून ठेवा. तुमच्या मनाला पटत नसेल तर केसांसह तसबीर ठेवायला तयार असलेलं नातेवाइकांचं दुसरं घर आहे का पाहा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

कोकणातलं खरं संकट हेच. रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जांभ्याच्या भिंती ओल धरतात, जुलैत मिठाचं पाणी होतं, चामड्याच्या चपलांना बुरशी येते. मग हस्तिदंताचं काय होत असेल?

हस्तिदंत हवेतलं पाणी पितो आणि फुगतो, हवा कोरडी झाली की आकसतो. सगळीकडून सारखा नाही, एका दिशेनं जास्त. पत्रा मोकळा असेल तर वाकतो. पुठ्ठ्याला घट्ट चिकटवलेला असेल तर त्याला हलायला जागा नसते, म्हणून चिरतो. त्याला नुसती ओल जितकी मारत नाही तितका ओलीतून कोरड्यात एकदम केलेला बदल मारतो.

आणि आपण नेमकं तेच करतो. पाऊस संपला की गाद्या, गोधड्या, पापड, पोथ्या, सगळ्याला ऊन दाखवायची आपली पद्धत. माझ्या आजीच्या बहिणीकडची एक लंबगोल तसबीर मी विशीत असताना अशीच अंगणात, सुपावर आमसुलांशेजारी ठेवली होती. दसऱ्यानंतरचं कडक ऊन. दुपारी चहाला उठले तेव्हा काचेखाली कपाळापासून हनुवटीपर्यंत केसासारखी चीर गेली होती. ती अजून आहे. या कामाकडे मी वळले ते त्या चिरेमुळे.

म्हणून एवढं करा. तसबीर बाहेरच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर लावू नका. माजघराची आतली भिंत बरी. भिंत आणि तसबीर यांच्यात बुचाचे दोन तुकडे लावून हवा खेळती ठेवा. चुलीच्या, देव्हाऱ्याच्या, समईच्या वर लावू नका, काजळी आणि ऊब दोन्ही वाईट. मे महिन्याच्या अखेरीस, हवा अजून कोरडी असताना, तसबीर कापडात आणि टीपकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा जमिनीवर नको, माळ्याच्या पत्र्याखालीही नको. कपाटाच्या मधल्या खणात, सुती कपड्यांच्या मध्ये. कपडे आणि कागद ओलीतले चढउतार आपल्यावर घेतात.

सिलिका जेलची एखादी लहान पुडी चालेल, पण मूठभर ओतू नका. हवा फार कोरडी झाली तरी चीर जाते. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र बाजारात मिळतं, ते डब्यात ठेवा. काटा ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास स्थिर राहिला की पुरे. ६५-७० च्या वर बरेच दिवस राहिला तर बुरशीची भीती. डांबराच्या गोळ्या आणि कापूर त्या डब्यात घालू नका. एसी लावलेल्या खोलीत ठेवायचं असेल तर एसी रात्री चालू, दिवसा बंद असा खेळ त्या खोलीत नको.

काचेला आतून घाम आलाय.

दोन शक्यता. पहिली, साधी वाफ धरली आहे. हवा कोरडी झाली की ती जाते. दुसरी शक्यता वाईट. काही जुन्या काचा स्वतःच पाझरतात. काचेतले क्षार ओल लागून बाहेर येतात, आतल्या बाजूला बारीक थेंब धरतात, कडेला पांढरे कण जमतात, आणि हे थेंब कोरड्या दिवसांतही राहतात. त्यांचं पाणी चित्रावर उतरलं की रंग उचलला जातो. असं दिसलं तर तसबीर चित्र वर करून आडवी ठेवा, हलवू नका आणि जतनतज्ज्ञाकडे न्यायची तयारी करा. तज्ज्ञ काच साफ करतात किंवा बदलतात. बदलली तर जुनी काच मागून घ्या.

पितळी चौकट चिंचेनं किंवा आमसुलानं घासू का?

नाही. समई घासा, तसबीर नको. आंबट पाणी फटीतून आत जातं, आणि खाली पितळ नसून सोन्याचा मुलामा असेल तर तोही जातो. हिरवा कळंक दिसला तर कोरड्या मऊ ब्रशनं वरवर झटका आणि तेवढ्यावर थांबा.

बुरशी आली आहे.

तसबीर इतर चित्रांपासून वेगळी करा, सावलीत कोरड्या खोलीत ठेवा, उघडू नका. काचेच्या बाहेरची बुरशी कोरड्या ब्रशनं झटकता येईल, नाकाला फडकं बांधून. आतली बुरशी घरी काढता येत नाही. डिंक हे तिचं खाद्य आहे आणि पुसायला गेलं की रंगासकट येते.

चेहरा पांढराफटक झालाय, पूर्वी गाल गुलाबी होते असं आई सांगते.

आई बरोबर सांगते. गालाओठांना वापरलेले किरमिजी रंग उजेडानं उडतात. निळसर छाया मागे राहते, म्हणून चेहरा आजारी दिसतो. उडालेला रंग परत येत नाही. वरून नवा रंग देऊ नका. संग्रहालयात अशी चित्रं ५० लक्सच्या आत, म्हणजे आपल्याला अंधूक वाटेल अशा उजेडात ठेवतात. घरी निदान खिडकीसमोरची भिंत टाळा. उलट, पांढऱ्या जागा काळ्या पडल्या असतील तर तो शिशाचा सफेदा असतो. हवेतल्या गंधकाच्या वायूनं तो काळवंडतो.

विकता येईल का? किती येतील?

हस्तिदंतावर असेल तर भारतात विकता येत नाही. शंभर वर्षं जुनं असलं तरीही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर आयात केलेल्या, म्हणजे आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारालाही बंदी आहे, त्यामुळे ‘हा आफ्रिकेचा आहे’ हे म्हणणं उपयोगाचं नाही. ऑनलाइन जाहिरात टाकणं हासुद्धा गुन्हा ठरू शकतो. मला विचाराल तर ही बंदी योग्यच आहे. या एका वस्तूसाठी माणसानं हत्तींचं जे केलं ते भयंकर आहे, आणि ज्या चित्रांवर माझं इतकं प्रेम आहे त्यांच्यामागेही तेच आहे.

कागद, धातू किंवा फोटो असेल तर दुसरा कायदा पाहावा लागतो. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून लागू आहे. १०० वर्षांहून जुनी चित्रं पुरावस्तू ठरतात, त्यांची नोंदणी करावी लागते आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. किंमत मी कधीच सांगत नाही. दारावर येऊन ‘जुनं सामान घेतो’ म्हणणाऱ्यानं सांगितलेली किंमतही धरू नका.

वडील गेले, तसबीर आता माझ्याकडे आली. काही करायचं असतं का?

हस्तिदंताची असेल तर होय. वारशानं मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं. महाराष्ट्रासाठी ते कार्यालय नागपूरला आहे. सुरुवात जवळच्या वन विभागाच्या कार्यालयातून करा : सावंतवाडी, चिपळूण, अलिबाग. वडिलांच्या नावे मालकीचं प्रमाणपत्र आहे का, ते कागदांत शोधा. २००३ साली न नोंदवलेल्या वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली होती, तेव्हा काही घरांनी नोंद केली होती. प्रमाणपत्र नसेल तर लपवू नका, वकिलाला सोबत घेऊन जा.

लेकीला लग्नात भेट म्हणून देणं मात्र वारशात बसत नाही. दुबईला किंवा लंडनला मुलाकडे नेणं तर मुळीच नको : पुरावस्तू देशाबाहेर न्यायला बंदी आहे आणि हस्तिदंताला आंतरराष्ट्रीय बंदीही आहे.

दुरुस्ती कोण करतं? आणि अशी चित्रं पाहायला कुठे मिळतील?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतनकेंद्र आहे, तिथे विचारा. त्याच संग्रहालयात भारतीय लघुचित्रांचा मोठा संग्रह आहे. एक पूर्ण दिवस काढून जा. चौकटबंद युरोपीय लघुचित्रांसाठी लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय, त्याचा संग्रह इंटरनेटवरही पाहता येतो. आणि सावंतवाडीचा राजवाडा, जिथे गंजिफा रंगवताना प्रत्यक्ष पाहता येतं. बोटभर जागेत डोळा कसा काढतात ते तिथे उभं राहून पाहिलं, की घरातल्या तसबिरीकडे तुम्ही वेगळ्या नजरेनं पाहाल.

चित्रातला माणूस कोण हे कसं शोधायचं?

चेहऱ्यावरून सुरुवात करू नका. पगडी कशी बांधली आहे, नथीचा घाट, अंगरख्याची गाठ डावीकडे की उजवीकडे, कॉलर किती उंच, यावरून काळ आणि समाज कळतो. मग चौकट, मग पाठ. पाठीवर मोडी असेल तर मोबाइलवर तिरक्या उजेडात चार-पाच फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरातलं सगळ्यात वयस्कर माणूस. ‘हा कोण?’ असं थेट विचारलं तर ‘ठावक नाय’ येतं. त्यापेक्षा विचारा, ही कुठे लावलेली असायची? कुणाच्या खोलीत? पाहुणे आले की काय म्हणायचे? कुठल्या काकी ती पुसायच्या? अशा विचारण्यातून एका घरी नाव नाही, पण ‘ग्रँट रोडच्या बिऱ्हाडात दाराच्या वर होती’ एवढं निघालं, आणि तिथून पुढचा धागा मिळाला. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, पेन्सिलनं, वेगळ्या कागदावर लिहा. तारीख घाला, कुणी सांगितलं ते घाला. चित्राच्या पाठीवर लिहू नका, चिकटपट्टी लावू नका.

तुमच्याकडे आणून दाखवली तर चालेल?

आधी फोटो पाठवा : पुढून, मागून, कडेनं आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. फ्लॅश बंद. काचेत खिडकी चमकत असेल तर मागे काळं कापड धरून उभे राहा. दहातल्या नऊ वेळा तेवढ्यानंच काम होतं, दहाव्या वेळी मी तुमच्याकडे येते. तरी आणायचीच असेल तर मोटारसायकलच्या डिकीत टाकून आणू नका. डब्यात कापूस नको, मऊ कापड घाला, आडवी ठेवा, मांडीवर घेऊन या. आणि जून ते सप्टेंबर नको, दिवाळीच्या सुमारास या.